जिच्यावरच्या फिल्मला ऑस्कर मिळाला, त्या ऑक्टोपसला खरंच काही कळत होतं का?

सप्टेंबर २०२०. लॉकडाऊन पुरता उठलेला नव्हता. बघण्यासारखं सगळं बघून झालेलं, तरी लोक नेटफ्लिक्सवर बोट फिरवत बसलेले. अशात एक डॉक्युमेंट्री आली. हिरो दक्षिण आफ्रिकेतला एक थकलेला, मधल्या वयाचा माणूस. हिरॉईन एक ऑक्टोपस. भांडण नाही, खून नाही, मोठमोठे डायलॉग तर नाहीतच. एक माणूस टेबलापाशी बसून गोष्ट सांगतोय आणि मधेमधे समुद्राखालची दृश्यं दिसतायत, इतकंच. तरीही फिल्म संपल्यावर अनेकांनी डोळे पुसले आणि ‘यापुढे ऑक्टोपस खाणार नाही’ अशा पोस्टही पडल्या.

फिल्मचं नाव ‘माय ऑक्टोपस टीचर’. पिप्पा अर्लिक आणि जेम्स रीड हे तिचे दिग्दर्शक. २०२१ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट डॉक्युमेंट्रीचा ऑस्कर मिळाला, बाफ्टाही मिळाला.

पण तिची खरी गंमत पुरस्कारांत नाही. पाठीचा कणा नसलेला, तीन हृदयांचा, निळ्या रक्ताचा एक जीव माणसाच्या हातावर आपला हात ठेवतो, तेव्हा त्याच्या आत नेमकं काय चाललेलं असतं? मैत्री की नुसतं कुतूहल? की ‘हे खाता येईल का’ याची चाचपणी? हा प्रश्न पुढे शास्त्रज्ञांपुरता राहिला नाही. तो संसदेत आणि कायद्याच्या पुस्तकातही पोहोचला.

आधी गोष्ट काय आहे ते बघू

क्रेग फॉस्टर हा मुळात फिल्ममेकर. २००० साली त्याने भावासोबत ‘द ग्रेट डान्स’ ही फिल्म केली होती, कलहारी वाळवंटातल्या सान शिकाऱ्यांवर. हे लोक वाळूवरच्या पुसट खुणा बघून जनावर कुठे गेलं ते सांगतात. फॉस्टरला तेव्हा एक गोष्ट लागून राहिली. ती माणसं निसर्गाच्या आत होती आणि तो कॅमेरा घेऊन बाहेर उभा होता.

पुढे काही वर्षांनी कामाच्या ताणाने तो पार कोलमडला. कॅमेरा हातात धरवेना. मग तो लहानपणी जिथे डुंबायचा त्या समुद्रात परत गेला. केपटाऊनजवळचा हा फॉल्स बे. तिथे पाण्याखाली केल्प या उंच समुद्री शैवालाचं अख्खं जंगल आहे. पाणी कधीकधी ८-९ अंशांवर येतं. त्यात हा गडी ऑक्सिजनच्या टाकीशिवाय, वेटसूटशिवाय, नुसता श्वास रोखून रोज उतरायचा.

एक दिवस त्याला शंखशिंपल्यांचा एक विचित्र गोळा दिसला. आत एक ऑक्टोपस लपली होती. फॉस्टरने ठरवलं, हिच्याकडे रोज यायचं. काही आठवडे तिने नुसतं लांबून निरखलं. मग एक दिवस एक हात हळूच पुढे केला आणि त्याच्या हाताला लावला. फिल्ममधलं सगळ्यात जास्त शेअर झालेलं दृश्य हेच.

मधे एकदा फॉस्टरच्या हातून कॅमेऱ्याची लेन्स निसटली आणि ती घाबरून बीळ सोडून गेली. तेव्हा कलहारीतली विद्या कामी आली. खाऊन टाकलेले शिंपले, वाळूवरच्या खुणा वाचत वाचत त्याने तिला पुन्हा शोधलं. नंतर एका शार्कने तिचा एक हात तोडला. हा पायजमा शार्क, म्हणजे अंगावर पट्टे असल्यामुळे इंग्रजीत मिळालेलं नाव. आपला पायजमा कुठे कुठे पोहोचलाय बघा. तर, तो हात काही महिन्यांत पुन्हा उगवला. पुढच्या वेळी शार्क आला तेव्हा ती चक्क त्याच्या पाठीवरच जाऊन बसली, कारण तिथे त्याचं तोंड पोहोचत नाही.

शेवटी तिने अंडी घातली आणि अंडी फुटेपर्यंत ती झिजून गेली. ऑक्टोपसच्या मादीचं असंच असतं, आयुष्य साधारण वर्ष-दीड वर्षाचं. सगळी ओळख तेवढ्यातच झाली. आणि इतकं होऊनही फॉस्टरने तिला नाव दिलं नाही. फिल्ममध्ये ती शेवटपर्यंत ‘ती’च आहे.

कॅमेरा पाण्याखाली गेला, पण नजर बदलायला वेळ लागला

पाण्याखाली फोटो काढायचा खटाटोप जुना आहे. लुई बूतां या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर असे फोटो काढले होते. पण पाण्याखालचं जग सामान्य माणसाला थिएटरात दाखवलं ते जॅक कूस्तो यांनी. त्यांची आणि लुई माल यांची ‘द सायलेंट वर्ल्ड’ १९५६ मध्ये आली. कानमधला सर्वोच्च पुरस्कार तिने मिळवला आणि ऑस्करही.

ती आज बघितली तर अंगावर काटा येतो. जहाजाच्या पंख्यात सापडून व्हेलचं पिल्लू जखमी होतं. रक्ताच्या वासाने शार्क जमतात. मग जहाजावरची माणसं चिडून त्या शार्कना वर ओढतात आणि कुऱ्हाडीने मारतात. दुसऱ्या एका प्रसंगात, प्रवाळाच्या बेटाभोवती मासे किती आहेत हे मोजायला सुरुंग लावतात. हे सगळं अभिमानाने शूट केलेलं आहे. कूस्तो पुढे समुद्र वाचवण्याच्या चळवळीचा मोठा चेहरा झाले हेही खरंच. पण १९५६ च्या प्रेक्षकाला त्या दृश्यात फारसं वावगं वाटलं नव्हतं, म्हणून तर ते फिल्ममध्ये राहिलं.

त्याच फ्रान्समध्ये ज्यां पाँलव्हे नावाचा एक अवलिया मात्र वेगळंच करत होता. त्याने १९२० च्या दशकात ऑक्टोपसवर पहिली फिल्म केली आणि १९६७ मध्ये पुन्हा त्याच विषयावर आला. नाव होतं ‘द लव्ह लाइफ ऑफ द ऑक्टोपस’. अवघ्या काही मिनिटांची ही फिल्म. विज्ञान चोख आणि वर अंगात कापरं भरवणारं इलेक्ट्रॉनिक संगीत. पाँलव्हे ऑक्टोपसला गोंडस करत नाही. तो म्हणजे परग्रहावरचं काहीतरी, असंच दाखवतो.

फॉस्टरची फिल्म या दोघांच्या मधे कुठेतरी बसते. जीव परकाच आहे, पण ओळख होऊ शकते. आणि त्या ओळखीला कॅमेरा एका साध्या कारणाने उपयोगी पडला. रोज एकाच जागी गेल्यामुळे बारीकसारीक बदल नोंदले गेले. एकदा बघून सुटून गेलेली गोष्ट घरी पडद्यावर पुन्हा बघता आली.

आता मुद्द्याचं : ऑक्टोपसला जाणीव असते का?

ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी, म्हणजे तुलनाच नाही. पण गोगलगाय, शिंपले या त्याच्या भाऊबंदांच्या मानाने हा आकडा अफाट आहे. त्यातही त्यातल्या बहुतांश पेशी डोक्यात नसून आठ हातांत आहेत. म्हणजे हात स्वतःच चव घेतो, चाचपतो आणि थोडेफार निर्णयही घेतो. त्यामुळे फॉस्टरच्या हाताला तो हात लागला तेव्हा ‘तिने’ स्पर्श केला की ‘तिच्या हाताने’, हा प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही.

डोळ्यांचं तर अजूनच भारी आहे. माणूस आणि ऑक्टोपस यांचा शेवटचा सामाईक पूर्वज ५० कोटी वर्षांहूनही आधीचा, बहुधा किड्यासारखा एखादा जीव. त्याच्याकडे असा डोळा नव्हता. तरी दोन्हीकडे भिंग आणि मागे पडदा असलेला, कॅमेऱ्यासारखा डोळा स्वतंत्रपणे तयार झाला. फरक इतकाच की आपण फोकस करताना भिंगाचा आकार बदलतो, ऑक्टोपस अख्खं भिंग पुढेमागे सरकवतो. कॅमेरा जसं करतो अगदी तसंच. त्या दृश्यात खरं तर दोन कॅमेरे एकमेकांकडे बघत होते.

पण डोळा असणं वेगळं आणि आतून काही जाणवणं वेगळं. ते मोजायचं कसं?

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या रॉबिन क्रूक यांचा २०२१ मधला प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. ऑक्टोपसला आधी काही कप्प्यांतून आपल्या आवडीचा कप्पा निवडू दिला. मग त्याला आम्लाचं इंजेक्शन देऊन त्याच आवडत्या कप्प्यात ठेवलं. नंतर मोकळं सोडल्यावर तो त्या कप्प्याकडे जाईना. दुखत असताना बधिरतेचं औषध देऊन दुसऱ्या कप्प्यात ठेवलं, तर तो कप्पा त्याला आवडू लागला. ज्यांना आम्ल टोचलंच नव्हतं त्यांना मात्र त्या औषधाच्या कप्प्याचं काही कौतुक नव्हतं. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर असं झालं नसतं. चटका बसल्यावर हात मागे घेणं ही प्रतिक्रिया झाली. ‘ती जागा नको रे बाबा’ हे लक्षात ठेवून टाळणं ही पुढची पायरी.

याआधी २०१२ मध्येच शास्त्रज्ञांनी केंब्रिजमध्ये एक जाहीरनामा काढला होता. जाणिवेला लागणारी मेंदूतली यंत्रणा फक्त माणसाकडे नाही असं त्यात म्हटलं होतं आणि यादीत ऑक्टोपसचं नाव स्पष्ट होतं. मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या जोनाथन बर्च यांच्या गटाने ३०० हून अधिक शास्त्रीय अभ्यास चाळून २०२१ मध्ये अहवाल दिला. परिणाम असा झाला की ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणी संवेदना कायद्यात ऑक्टोपस आणि खेकड्यांचा समावेश झाला. या कायद्यात ऑक्टोपसची सगळी जातकुळी येते. म्हणजे आपल्या बाजारात मिळणारं माकुलही त्याच नात्यातलं.

मग फिल्मवर आक्षेप काय?

पहिला आक्षेप सरळ आहे. प्राण्याच्या वागण्याला माणसाच्या भावना चिकटवल्या गेल्या. एका प्रसंगात ती माशांच्या थव्याकडे हात उंचावते आणि फॉस्टर म्हणतो, ही खेळतेय. पुरावा? त्या एका दृश्यापुरता नाही. पण सिएटलच्या मत्स्यालयात आठ ऑक्टोपसना तरंगती बाटली देऊन निरखलं होतं. त्यातले दोन पाण्याचा फवारा मारून बाटली पुन्हा पुन्हा ढकलत राहिले, जसा चेंडू टप्पे टप्पे खेळतात तसे. हा अभ्यास १९९९ चा आहे. म्हणजे खेळ अशक्य नाही, पण प्रत्येक हालचाल खेळ नसते.

दुसरा आक्षेप भावनिक आहे. शार्क लचके तोडत असताना हा शूट करत बसला, वाचवलं का नाही? फॉस्टरचं म्हणणं, जंगलाच्या व्यवहारात ढवळाढवळ करायची नव्हती. हे पटणारं आहे. मात्र त्याच फिल्ममध्ये ती जखमी असताना त्याने तिच्यापुढे अन्न ठेवून बघितलं, हेही दिसतं. माणूस आहे, तत्त्व थोडं घसरलं. फिल्म ते लपवत नाही, ही तिची जमेची बाजू.

खरा वाद मात्र जेवणाच्या ताटावर आहे

न्युएव्हा पेस्कानोव्हा या स्पॅनिश कंपनीने कॅनरी बेटांवर ऑक्टोपसचं फार्म काढायची योजना आखली होती. वर्षाला ३,००० टन, म्हणजे सुमारे दहा लाख ऑक्टोपस. समुद्रातून पकडण्याचा ताण कमी होईल, असा कंपनीचा युक्तिवाद. विरोधकांचा मुद्दा असा की हा एकट्याने राहणारा, कुतूहल असलेला मांसाहारी जीव आहे. त्याला टाक्यांत दाटीने ठेवायचं आणि त्याला खाऊ घालायला पुन्हा समुद्रातलेच जीव लागणार. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने २०२४ मध्ये ऑक्टोपस पाळण्यावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने फार्ममधले ऑक्टोपस विकायलाही बंदी करणारा कायदा केला.

भारतात? आपला प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा १९६० चा कायदा ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव जीव असं सांगतो. शब्दशः बघितलं तर त्यात ऑक्टोपसही आला. अर्थात अन्नासाठी मारण्याला त्यात सूट आहे, फक्त विनाकारण वेदना देऊ नयेत ही अट. ती अट मासळीबाजारात कुणी तपासत बसत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि ऑक्टोपस बघायला केपटाऊन गाठायची गरज नाही. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम ओहोटीच्या वेळी लोकांना खडकाळ किनाऱ्यांवर घेऊन जातो. दिसेल त्या जिवाचे फोटो काढून नोंद करायची, असं त्याचं स्वरूप. त्या नोंदींमध्ये समुद्री गोगलगाई आहेत, प्रवाळ आहेत आणि ऑक्टोपसही आहेत. कधी गेलात तर पाण्याच्या डबक्याकाठची एखादी कपार बघा. तिच्या तोंडाशी रिकामे शंखशिंपले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे पडलेले दिसले, तर हात आत घालू नका. कॅमेरा धरा आणि थोडा वेळ थांबा. आत कुणीतरी जेवून बसलेलं असू शकतं.