कोरियाला हवीत 510 कोटी माणसं

पोरं कमी जन्मताहेत, म्हातारे वाढताहेत. मग बाहेरून तरुण माणसं आणा की! कुठल्याशा श्रीमंत देशाचा जननदर घसरल्याची बातमी आली, की हा तोडगा कोणीतरी सुचवतोच. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागाने मार्च 2000 मध्ये हाच तोडगा गणितात घालून पाहिला. दक्षिण कोरियात 1995 साली पासष्टी ओलांडलेल्या एका माणसामागे कामाच्या वयाची 12 ते 13 माणसं होती. तेच प्रमाण 2050 पर्यंत टिकवायला किती स्थलांतरित लागतील? उत्तर आलं, सुमारे 510 कोटी! दरसाल सरासरी 9 कोटी 40 लाख. कोरियाची स्वतःची लोकसंख्या तेव्हा होती जेमतेम साडेचार कोटी, आणि अख्ख्या जगाची 600 कोटींच्या घरात. सरकारी छापाच्या तक्त्यात इतका कोरडा विनोद क्वचितच वाचायला मिळतो.

गणितात खोट मात्र नाही. आज आलेला पंचविशीचा कामगार 40 वर्षांनी पासष्टीचा होतो. मग त्याला सांभाळायला आणखी माणसं आणा, पुढे त्यांच्यासाठी आणखी. तरुण आले की सरासरी वय काही काळ खाली येतं हे खरं, पण वय कुणाचं थांबतं?

‘त्यांना पोरंही भरपूर होतात ना?’ हा पुढचा प्रश्न. काहींना त्यात आशा दिसते, काहींना धोका. फ्रान्समध्ये 2017 साली स्थलांतरित बायकांचा जननदर, म्हणजे एका बाईमागची सरासरी मुलं, 2.6 होता, तिथेच जन्मलेल्यांचा 1.77. तफावत मोठी वाटते. पण देशाचा एकत्रित दर भरला 1.88, म्हणजे स्थलांतरितांमुळे वाढ झाली जेमतेम 0.1 ची. मुलं होण्याच्या वयातल्या दर शंभर बायकांत स्थलांतरित होत्या 12. त्या सरासरी ओढून ओढून किती ओढणार?

शिवाय तो 2.6 सुद्धा फुगलेला. हे दाखवणाऱ्या लोरां तुलमों या फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञाचं नाव या वादात फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. जननदर काढताना एकाच वर्षातले वेगवेगळ्या वयांचे आकडे जोडून एक काल्पनिक बाई उभी करतात. खरी बाई मात्र देश सोडायच्या आधी मूल पुढे ढकलते: नवरा आधीच परदेशात असतो, कागदपत्रं अडकलेली असतात, बिऱ्हाड व्हायचं असतं. नव्या देशात पोचली की दोन-तीन वर्षांत पाळणा हलतो. मोजणी नेमकी तेव्हाची धरायची आणि तिचं सगळं आयुष्य तसंच जाईल असं मानायचं, म्हणजे दसऱ्याचा झेंडूचा खप मोजून त्याला 365 ने गुणायचं! तुलमोंनी 2004 मध्ये येतानाचं वय विचारात घेतलं आणि तफावत बरीच आटली. लहानपणीच फ्रान्समध्ये आलेल्या मुली तर मोठेपणी जवळजवळ तिथल्याच बायकांइतकी मुलं जन्माला घालतात.

म्हणजे स्थलांतराने जननदर फारसा हलत नाही. हलतं ते गावातल्या माणसांचं वय. ते पाहायला आपल्याला कोकण पुरे. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 4.8 टक्क्यांनी घटली, सिंधुदुर्गाची 2.2 टक्क्यांनी. रत्नागिरीत 2011 साली दर हजार पुरुषांमागे 1,122 बायका होत्या, कारण पुरुष चाकरमानी. पूर्वी बायको-मुलं गावी राहायची, मनिऑर्डर यायची. आता बिऱ्हाडच विरार-डोंबिवलीला हलतं आणि बाळाच्या जन्माची नोंदही तिकडेच होते. गावातल्या बाईला पूर्वीइतकीच मुलं झाली, तरी गावात बारशी कमी होणार. मुलं होण्याच्या वयाच्या बायकाच तिथे फारशा उरलेल्या नाहीत.

मुंबईला तरी तरुण माणसांचा पुरवठा कायम राहील, या भ्रमातही राहू नये. मुंबईला माणसं पुरवणाऱ्या उत्तर प्रदेशचा जननदर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 1992-93 साली 4.8 होता, 2019-21 मध्ये तो 2.4 झाला. महाराष्ट्र तर तेव्हाच 1.7 वर होता.

2027 च्या जनगणनेचे तक्ते आले की एकूण लोकसंख्येची ओळ सोडा. आपल्या तालुक्यातले 20 ते 34 वयाचे किती आणि साठीच्या पुढचे किती, तेवढं आधी बघा.