सहावा गडी

बास्केटबॉलमध्ये सामना सुरू होताना मैदानात पाच जण उतरतात. त्यांच्यापैकी कुणी दमला किंवा फाउलमध्ये अडकला की बाकावरून आधी उठतो तो सहावा. अमेरिकेच्या एनबीएत अशा बदली खेळाडूंमधल्या सर्वोत्तमाला दरवर्षी पुरस्कार मिळतो. १९९६ साली तो क्रोएशियाच्या टोनी कुकोचला मिळाला. गंमत म्हणजे युरोपात या गड्याला बाकावर बसवण्याचं कुणाच्या मनातही आलं नसतं.

कुकोचचा जन्म १९६८ मध्ये, समुद्रकाठच्या स्प्लिट शहरातला. उंची सहा फूट अकरा इंच, हात डावखुरा. एवढ्या उंच माणसानं टोपलीखाली उभं राहून रिबाउंड गोळा करावेत, हा त्या काळचा शिरस्ता. कुकोच मात्र चेंडू स्वतःच ड्रिबल करत आणायचा, लांबून नेम साधायचा आणि समोरच्याला पत्ता लागू न देता पास द्यायचा. ज्याला जे हवं ते नेमकं वाढतो, म्हणून युरोपातले चाहते त्याला ‘वेटर’ म्हणत. स्प्लिटच्या युगोप्लास्तिका संघानं १९८९ ते १९९१ अशी सलग तीन वर्षं युरोपचं अजिंक्यपद पटकावलं, त्यात त्याचा वाटा मोठा होता.

शिकागो बुल्सचे सरव्यवस्थापक जेरी क्राउस यांनी १९९० च्याच ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याच्यावर हक्क सांगितला. पण त्यांच्या तोंडी सतत कुकोचचं कौतुक आणि इकडे बुल्सच्याच स्कॉटी पिपेनचा नवा करार मात्र रखडलेला. पिपेन आणि त्याचा बुल्समधला सहकारी मायकेल जॉर्डन यांनी हा राग बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळताना काढला. क्रोएशियाविरुद्धच्या पहिल्या लढतीत दोघांनी कुकोचला असं जखडलं, की त्याला जेमतेम चार गुण करता आले. अंतिम सामन्यात पुन्हा अमेरिकाच समोर होती. क्रोएशिया हरला, पण कुकोचनं १६ गुण नोंदवले आणि नवजात देशाच्या गळ्यात रौप्यपदक पडलं.

१९९३ मध्ये तो शिकागोत पोहोचला, तर जॉर्डननं निवृत्ती घेतलेली. मे १९९४ मध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्ध बरोबरी असताना १.८ सेकंद उरले. प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी शेवटचा फटका कुकोचकडे सोपवला. रुसलेला पिपेन मैदानात उतरलाच नाही. कुकोचनं फटका मारला, बुल्स १०४-१०२ नं जिंकले.

पुढे जॉर्डन परतला, डेनिस रॉडमन आला आणि कुकोच बाकावर गेला. युरोप गाजवून आलेल्या माणसाला हे रुचणं अवघडच. त्यानं ते निभावलं. त्या १९९५-९६ च्या मोसमात बुल्सनी ८२ पैकी ७२ सामने जिंकले आणि तिथून सलग तीन विजेतेपदं मिळवली. कुकोचची लोकप्रियता आहे ती इथेच: गुणांच्या यादीत पहिला नसूनही संघाला हवाहवासा वाटणारा खेळाडू म्हणून लोकांनी त्याला आपलं मानलं.

२०२१ मध्ये त्याचा बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. त्या समारंभात त्याची पाठराखण करायला मंचावर उभा होता मायकेल जॉर्डन.