वेगळा कप आणि मैत्री

विहारात वंदना झाली की आपण मैत्रीभावना करतो, साऱ्या प्राणिमात्रांचे भले चिंततो. घरी मात्र खोकणाऱ्या सुनेचा कप वेगळ्या फळीवर असतो. बारामती-इंदापूरच्या वस्त्यांत क्षयरुग्णांच्या घरी जाताना आम्हाला हा कप पुन्हा पुन्हा दिसतो. वेगळ्या कपाचा अपमान आपल्या आज्या-पणज्यांनी सोसला. तो आपल्याच घरात कशाला?

पालीत मेत्ता, संस्कृत-मराठीत मैत्री. मूळ शब्द मित्र. दया करणारा वर असतो, घेणारा खाली. मैत्रीत दोघे बरोबरीचे. म्हणूनच बाबासाहेबांना फ्रेंच राज्यक्रांतीतल्या बंधुतेपेक्षा बुद्धांचा मैत्री हा शब्द अधिक योग्य वाटला.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता, त्याला कोणी विचारत नव्हते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः धुतले, खाटेवर निजवले आणि भिक्खूंना एकमेकांची शुश्रूषा करायला सांगितले. सावित्रीमाईही पुण्यातल्या प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

आता क्षयाचे. फुप्फुसाचा क्षय खोकल्यातून, हवेवाटे पसरतो. ताट, कप, कपडे किंवा स्पर्श यांनी पसरत नाही. म्हणून भांडी नव्हे, खिडकी बघा. ती उघडी ठेवा. खोकताना रुग्णाने तोंडावर रुमाल किंवा मास्क धरावा. औषध नियमित सुरू झाले की बहुतेकांपासून होणारा संसर्ग काही आठवड्यांत खूप कमी होतो. साध्या क्षयाचे औषध सहा महिने घ्यावे लागते. सरकारी दवाखान्यात ते मोफत आहे. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः लहान मुलांनी, तपासणी करून घ्यावी.

हंगामात कारखान्यांजवळच्या कोप्यांत ऊसतोड कुटुंबे येतात. त्यांच्यापैकी कुणाचे औषध गावाकडे सुरू असेल तर निक्षय क्रमांकावर ते इथल्या सरकारी दवाखान्यातूनही पुढे चालू ठेवता येते. त्यांना हे सांगा, पहिल्यांदा सोबत जा. क्षयरुग्णाला पोषण आहार देणाऱ्याला सरकारही २०२२पासून 'निक्षय मित्र' म्हणते.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, यांतले काहीही दिसले तर थुंकी तपासून घ्या. आणि आज संध्याकाळी चहा गाळाल तेव्हा फळीवरचा तो कप खाली घ्या, सगळ्यांच्या कपांत ठेवा.

जय भीम!