कोड ९२

माझी ताई इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. डिस्टिंक्शनवाली. तिच्या नोट्सवर मी दोन सेमिस्टर काढली (केटी एकच, तीही एम-थ्री). दिवाळीत मावशीने विचारलं, "ती काय करते गं सध्या?" आई म्हणाली, "काही नाही, घरीच असते." 'काही नाही' म्हणजे पहाटेचे डबे, सासूबाईंची औषधं, पोराची शाळा आणि पुन्हा डबे.

या 'काही नाही'ला सरकारदरबारी चक्क नंबर आहे. देशाचं श्रमशक्ती सर्वेक्षण घरोघरी जाऊन प्रत्येकाला कोड देतं. पगारी नोकरी ३१. काम नाही पण शोधतोय किंवा करायला तयार आहे, तो ८१. आपण हॉस्टेलवाले ९१, विद्यार्थी. फक्त घरकाम, ९२. श्रमशक्ती म्हणजे काम करणारे अधिक ८१ वाले. गंमत बघा, ९२ वाली ताई बेरोजगारसुद्धा नाही! बेरोजगारीच्या दरात ती अंशात नाही, छेदातही नाही.

वाटतं की शिक्षण वाढलं की ग्राफ सरळ वर जाणार. आपल्याकडे तो 'यू'सारखा आहे. न शिकलेली बाई शेतात राबते, कारण न राबून चालत नाही. दहावी-बारावी झालेली घरी बसते. मजुरी कमीपणाची वाटते आणि मनाजोगती नोकरी मिळत नाही. पदवीनंतर ग्राफ पुन्हा चढतो, पण पुरुषांच्या रेषेच्या बराच खाली राहतो. १५ वर्षांवरील स्त्रियांचा एकूण सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. टाळ्या वाजवण्याआधी एवढंच, की वाढलेल्यांत खेड्यांतल्या, घरच्या शेतात बिनपगारी राबणाऱ्या पुष्कळ आहेत. ताईसारख्यांचं कोडं त्याने सुटत नाही.

ते वेळेत अडकलंय. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामाला बायकांची दिवसाला २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. तीही जे पुरुष करतात फक्त त्यांची सरासरी! २०१७ च्या कायद्याने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे केली, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघरही सक्तीचं. पण खर्च सगळा मालकावर. मग मुलाखतीत "लग्नाचं काय ठरलंय?" हा प्रश्न मुलींनाच येतो. ताईला आला होता. मलाही आलाय, मागच्याच महिन्यात. मी "अजून नाही" म्हटलं आणि स्वतःचाच राग आला.

रविवारी ताईचा फोन. "अगं, पायथनच्या नोट्स आहेत का तुझ्याकडे?" पाठवल्या. तिने दोन ठिकाणी अर्ज टाकलेत. म्हणजे आठवड्याच्या हिशेबात ताई आता ८१, अधिकृत बेरोजगार. मी पेढे मागितलेत.