क्रेडिट म्हणजे जमा की उधार?



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत बँकेचं मंजुरीपत्र आलं. त्यावर 'कॅश क्रेडिट' असं छापलेलं आणि पुढे तीन लाखांचा आकडा. एक ताई खूश होऊन म्हणाल्या, "क्रेडिट म्हणजे जमा. माझा मुलगा मोबाईलवरचा मेसेज वाचून असंच सांगतो. म्हणजे गटाचे तीन लाख रोख जमा झाले की! चला, वाटून घेऊ."

कुणी हसलं नाही, कारण निम्म्या जणींना तसंच वाटलं होतं. खरं तर ती कर्जाची मर्यादा होती.

मुलाने सांगितलेला अर्थ काही खोटा नव्हता. पण त्या शब्दाला तेवढा एकच अर्थ आहे, असं आपण धरून चाललो.

हीच अडचण चीनमध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांना येते. तिथली मुलं शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करतात. एका बाजूला इंग्रजी शब्द, समोर चिनी अर्थ. 'क्रेडिट'साठी त्यांचा नेहमीचा शब्द आहे 'शिन-योंग'. 'शिन' म्हणजे विश्वास. हे अक्षर लिहिताना एका बाजूला माणसाची खूण काढतात आणि शेजारी बोलण्याची. माणूस आणि त्याचा शब्द! आपण याला 'पत' म्हणतो. क्रेडिट कार्ड म्हणजे 'शिन-योंग-खा', आणि आपल्या पतसंस्थेसारखी संस्था म्हणजे 'शिन-योंग-श'.

इथपर्यंत ठीक. पण तेवढ्या एका अर्थावर विसंबलं, की पुढे गाडी अडते. खात्यात पैसे 'क्रेडिट' झाले, तर तिथे चिनी शब्द 'रू-जांग', म्हणजे खात्यात आले. कॉलेजातल्या विषयाचे 'क्रेडिट' म्हणजे 'श्वे-फन', आपले श्रेयांक. आणि 'या कामाचं क्रेडिट तिला द्या' म्हटलं, तर 'गोंग-लाओ', म्हणजे श्रेय. इंग्रजीत शब्द एक, चिनीत चार. आपल्याकडेही चारच झाले बघा: पत, जमा, श्रेयांक, श्रेय.

मग एका शब्दात इतकं सगळं आलं कुठून? हा शब्द लॅटिन भाषेतल्या 'विश्वास ठेवणे' या अर्थाच्या शब्दावरून आला. आपला 'श्रद्धा' हा शब्द आणि तो लॅटिन शब्द मुळात एकाच घराण्यातले. विश्वास हे मूळ धरलं, की गुंता सुटतो. आपण पैसे जमा करतो, तेव्हा आपण बँकेवर विश्वास ठेवतो. बँक कर्ज देते, तेव्हा बँक आपल्यावर विश्वास ठेवते. दोन्हीकडे शब्द 'क्रेडिट'च, पण पहिल्यात बँक आपलं देणं लागते आणि दुसऱ्यात आपण बँकेचं.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, मेसेजमध्ये किंवा पासबुकात 'क्रेडिट' म्हणजे जमा आणि 'डेबिट' म्हणजे नावे. पण कर्जाची रक्कम खात्यात आली तरी मेसेज 'क्रेडिट'च म्हणतो. ती जमा दिसते, तरी फेडायची असते. दुसरी, 'कॅश क्रेडिट' म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलता येणारं कर्ज. जेवढी रक्कम उचलू आणि जितके दिवस वापरू, त्यावरच व्याज. तिसरी, 'क्रेडिट स्कोअर' म्हणजे आपली पत आकड्यात मांडलेली. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. हप्ते वेळेवर भरले तर तो सुधारतो, थकवले तर घसरतो.

परकी भाषा शिकताना शब्द एकटा पाठ करू नये, आजूबाजूच्या शब्दांसकट लक्षात ठेवावा. चीनमधल्या विद्यार्थ्याला हे जसं उपयोगी, तसंच आपल्यालाही. नुसतं 'क्रेडिट' नको; 'खात्यात क्रेडिट', 'कॅश क्रेडिट', 'क्रेडिट स्कोअर' असं लिहा.

आमच्या त्या ताईंनी गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आता अशी यादीच सुरू केली आहे. बँकेचा कागद आला, की सही करण्याआधी त्या विचारतात, "साहेब, हे क्रेडिट कुठलं? आमचं तुमच्याकडे, की तुमचं आमच्याकडे?"

हा प्रश्न तुम्हीही विचारा. विचारायला लाजू नका. एका शब्दाचे इतके अर्थ असतील, तर त्यातला कुठला हे विचारणं शहाणपणाचंच आहे.