रेवस ते हरिहरेश्वर, बॅटरीच्या झोतात

पल्ला ८०० मीटर! म्हणजे किती?

लांब पल्ल्याच्या दणकट बॅटरीच्या खोक्यावर ‘८०० मीटर’ असं ठळक छापलेलं असतं. तेवढ्या अंतरावरचा माणूस ओळखता येईल, असं घेणाऱ्याला वाटतं. पण चांगल्या कंपन्या हा आकडा अमेरिकेतल्या ‘एफएल १’ मानकानुसार छापतात आणि त्या मानकात उजेड ०.२५ लक्सवर उतरला की पल्ला संपला असं धरतात. ०.२५ लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याइतका उजेड. तेव्हा ८०० मीटरवर तुम्हाला दिसणार ते चांदण्यात दिसेल तेवढंच.

गणित सोपं आहे. झोताची तीव्रता कँडेलात दिलेली असते. तिचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा, की पल्ला मीटरमध्ये मिळतो. ४०,००० कँडेलाला ४०० मीटर. पल्ला ८०० करायचा तर कँडेला चौपट लागतात, १,६०,०००. माझं मत विचाराल तर छापील पल्ल्याच्या निम्माच खरा धरावा. तिथे उजेड चौपट म्हणजे १ लक्स असतो आणि समोर माणूस आहे की करवंदीची जाळी, एवढं कळतं.

आणि फणसाडला बॅटरी बंदच असते

मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर प्राण्यांची गणना होते. मंडळी मचाणावर रात्रभर बसतात. पाणवठ्याला तिथे गाण म्हणतात. गाणीवर कोण येतं, कोण जातं, ते सगळं चंद्राच्या उजेडात टिपायचं. बॅटरीचा पल्ला जिथे संपला असं कंपनी मानते, तेवढ्याच उजेडात ही गणना होते! डोळा अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एकदा सरावला की चांदण्यात भेकर आणि सांबर यांच्यातला फरक कळतो. मध्येच कुणी झगझगीत बॅटरी मारली, की सगळ्यांची अर्ध्या तासाची कमाई गेली.

शिकारीचं रान

हेच फणसाड एके काळी जंजिरा संस्थानच्या नवाबांचं राखीव शिकारीचं रान होतं. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं. रात्रीच्या शिकारीत बॅटरीचं महत्त्व जुनं आहे. जिम कॉर्बेट यांनी रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मे १९२६ मध्ये टिपला, तो बॅटरीच्याच उजेडात. आता मात्र ‘हंटिंग टॉर्च’ या नावाने जे विकलं जातं, त्याचा त्या नावाने उपयोग करायला आपल्याकडे वावच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. परवान्याने शिकार करायची सोयही १९९१ च्या दुरुस्तीने गेली. बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली, तर तीन ते सात वर्षं कैद. शिकारीत वापरलेलं हत्यार, गाडी, होडी, साधनं असं सगळं जप्त होतं. बॅटरीही त्यातच आली. हे असंच असायला हवं. झोतात डोळे दिपून जागच्या जागी थिजलेल्या जनावरावर गोळी झाडण्यात कसलं कसब?

डोळे कुणाचे चमकतात, कुणाचे नाही

मांजर, बिबट्या, भेकर, गाय यांच्या डोळ्यांत पडद्यामागे एक परावर्तक थर असतो. आलेला उजेड तो परत फेकतो, म्हणून डोळे चमकतात. फेकतो तो आला त्याच वाटेने. त्यामुळे बॅटरी कमरेशी धरली तर चमक फारशी दिसत नाही. तीच कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरली, तर पन्नास पावलांवरचं उदमांजरही दिसतं. रस्त्यावर बसलेल्या रातवा पक्ष्याचा डोळा निखाऱ्यासारखा लाल दिसतो. अशाच रीतीने ओल्या गवतावर झोत टाकून पाहा. दवाच्या थेंबांत काही ठिपके हिरवट चमकतात आणि जवळ गेलं तरी विझत नाहीत. ते दव नाही, लांडगा-कोळ्याचे डोळे आहेत. एका ठिपक्याचा माग काढत अगदी ओणवं व्हावं, तर शर्टाच्या बटणाएवढा राखाडी कोळी पाय आखडून बसलेला सापडतो.

आता गंमत अशी, की भातशेतीची रात्रीत वाट लावणाऱ्या रानडुकराच्या डोळ्यांत हा थरच नाही. राखणीला बसलेला शेतकरी झोत फिरवतो, कुठेच काही चमकत नाही आणि डुक्कर बांधाशीच उभं असतं! म्हणून राखणीसाठी एका जागी बारीक ठिपका पाडणाऱ्या बॅटरीपेक्षा रुंद उजेडाची बॅटरी बरी. चमक शोधायचीच नाही, आकार शोधायचा.

मुठे

पहिला पाऊस पडून गेला, की गावोगाव पोरं बॅटऱ्या घेऊन शेतात उतरतात. वळगणीचे, म्हणजे पहिल्या पुरात शेतात चढून येणारे मासे आणि मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, दोन्हीसाठी. आधी गॅसबत्ती असायची, आता डोक्याला बांधायची एलईडी. मुठ्यावर उजेड पडला, की तो क्षणभर जागीच थबकतो. त्या क्षणात हात मागून न्यायचा, अंगठा आणि तर्जनी कवचाच्या दोन्ही बाजूंना मागच्या अंगाला टेकवायची आणि उचलायचं. नांग्या तिथवर पोचत नाहीत. उलटा करून पोट बघावं. पोटाच्या झडपेखाली अंडी किंवा इवली पिल्लं असतील, तर मादी तिथेच सोडावी, म्हणजे पुढच्या पावसातही शेतात मुठे असतील.

या कामाला शंभर-दोनशे लुमेन (बॅटरीतून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) भरपूर झाले. हजार लुमेनचा झोत चिखलाच्या पाण्यावरून उसळून आपल्याच डोळ्यांत येतो. आणि झोत अधूनमधून स्वतःच्या पायांपुढे टाकायचा. त्याच बांधावर फुरसं आणि घोणसही बाहेर पडलेली असतात.

एक लाख लुमेनची थाप

स्वस्तातल्या बॅटऱ्यांवर ‘१,००,००० लुमेन’ लिहिलेलं सर्रास दिसतं. हिशेब करून बघू. या बॅटऱ्यांत बहुतेक वेळा १८६५० नावाचा लिथियम सेल असतो. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. चांगल्या सेलमध्ये सुमारे १२ वॅट-तास ऊर्जा मावते. एलईडीतून वॅटमागे साधारण १०० लुमेन मिळतात असं धरलं, तर १,००० लुमेनचा उजेड जेमतेम तासाभराचा. एक लाख लुमेन खरोखर पाडायचे, तर १,००० वॅट लागतील, म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीएवढी वीज, आणि सेल पाऊण मिनिटात आटोपेल. तेवढी वीज एका दमात देणारा त्या मापाचा सेलच नाही. सेलवर ‘९९०० एमएएच’ छापलं असेल तर तीही थापच. अस्सल १८६५० साधारण ३,५०० च्या आसपास थांबतो.

खरे आकडेही नीट वाचायला हवेत. ‘एफएल १’ मध्ये लुमेन मोजतात ते बॅटरी लावल्यावर तीस सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंतच्या वेळेत. पुढे ती तापते आणि उजेड आपोआप खाली उतरवते. ‘चालते ३ तास’ म्हणजे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत ३ तास. गस्तीसाठी घेताना मी पहिल्या मिनिटाचा आकडा सोडून देतो आणि अर्ध्या तासानंतर किती उजेड उरतो ते विचारतो. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर तिथेच लावून ठेवायला सांगावं.

डोकं मोठं का?

दूरवर मारणाऱ्या बॅटरीचं तोंड परातीएवढं रुंद असतं, ते उगाच नाही. एलईडी तोच ठेवून आरशाचा व्यास दुप्पट केला, की झोत चौपट तीव्र होतो आणि पल्ला दुप्पट. दीपगृहांचंही तंत्र हेच: दिवा लहान, भिंग प्रचंड. थळसमोरच्या खांदेरी बेटावरचं दीपगृह १८६७ सालचं. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून किल्ला बांधला, तेच हे बेट. दीपगृहाला आज कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप ठरलेली असते. ती मोजून होडी हाकणारा तांडेल समोरचा दिवा कुठला ते ओळखतो.

पोलिसांच्या हातात

हातात धरायच्या बॅटरीचं पेटंट अमेरिकेत १८९९ मध्ये डेव्हिड मिसेल यांना मिळालं. पुठ्ठ्याची नळी, आत सेल, पुढे बल्ब. सुरुवातीचे काही नग न्यूयॉर्कच्या पोलिसांना वापरायला दिले होते. म्हणजे जन्मापासूनच ही वस्तू ड्यूटीवर आहे. १९७९ मध्ये तिथे मॅगलाइट आली. ॲल्युमिनियमची, लांबलचक, सोट्यासारखी जड. पोलिसांनी तिचा सोटा म्हणून वापरही केला. २००४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका संशयिताला बॅटरीने मारल्याचं प्रकरण गाजलं आणि २००७ मध्ये तिथल्या पोलिसांसाठी मुद्दाम लहान, हलकी बॅटरी आली.

रायगडच्या किनाऱ्यावर ड्यूटीला वेगळंच वजन आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धनजवळ शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरलं, ते रात्रीच्या अंधारात. आज मांडवा, दादर, दिघी अशी सागरी पोलीस ठाणी आहेत आणि गावोगावच्या मच्छीमारांचं सागर सुरक्षा दल. गस्तीच्या माणसाला कसली बॅटरी द्यावी? बटण एकच, ओल्या बोटांनी अंधारात चाचपून सापडणारं. पहिल्याच दाबाला पूर्ण उजेड. लुकलुकण्याचे पाच प्रकार नकोत. समोर होडी आली असताना बटण दाबत बसायला वेळ नसतो. वजन अर्ध्या किलोच्या आत, कारण ती रात्रभर हातात असते.

पावसात हात खाली

धुकं किंवा मुसळधार पाऊस असला, की सगळ्यात जबरदस्त बॅटरी सगळ्यात निकामी. प्रत्येक थेंब उजेड परत फेकतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. उपाय फुकटातला: बॅटरी डोळ्यांजवळ न धरता कमरेपाशी धरा आणि झोत बारीक ठेवा. डोळे शोधताना जे करायचं, त्याच्या बरोबर उलट.

किनाऱ्यावर पांढरा उजेड नको

दिवेआगर, मारळ, हरिहरेश्वर इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. बाणकोटच्या खाडीपलीकडे वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये घरटी राखायला सुरुवात केली. वाळूतून बाहेर पडलेलं पिल्लू सगळ्यात उजळ क्षितिजाकडे चालतं, आणि अंधाऱ्या रात्री ते समुद्राचं असतं. तुम्ही हौसेने बॅटरी मारलीत, तर ते समुद्र सोडून तुमच्याकडे येतं. लाल उजेडाने ते फारसं फसत नाही, म्हणून बॅटरीला लाल दिवा असेल तर तोच वापरावा, तोही अगदी गरजेपुरता.

समुद्रातही उजेडाची शिकार

पाण्यावर प्रखर एलईडी सोडून मासळी गोळा करायची आणि जाळं आवळायचं, या पद्धतीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. राज्याने २०२१ मध्ये कायदा कडक केला. दंड ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत. छोट्या होडीचा नाखवा या दिव्यांवर चिडतो, ते अगदी रास्त आहे. लहान पिल्लांसकट सगळं उपसलं, तर त्याच्या डोल जाळ्यात काय यायचं?

विंचू पेटतो

हा माझा सगळ्यात लाडका प्रयोग. अतिनील किरणांची लहानशी बॅटरी अंधारात दगडी गडग्यावर मारा. विंचू असेल तर तो हिरवट-निळा पेटलेला दिसतो, चिमट्यांपासून नांगीपर्यंत. नुकतीच कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही. कवच टणक होईल तशी चमक येते. कोकणातला लाल विंचू जीवघेणा. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर आयुष्य वेचलं आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने रुग्ण वाचवता येतात हे दाखवून दिलं. चाळीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पडवीत, लाकडांच्या ढिगात, चपलांच्या कोनाड्यात ही जांभळी बॅटरी फिरवायला दोन मिनिटं पुरतात. तिच्याकडे थेट बघू नये आणि पोरांच्या हाती देऊ नये.

दहा लुमेनचे शंभर तास

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं. नंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी मोठ्या बॅटरीचं सगळ्यात मोलाचं बटण म्हणजे सगळ्यात मंद उजेडाचं. वरच्याच हिशेबाने १० लुमेनवर एक सेल शंभर तासांच्या घरात जातो. बॅटरी उभी करून छताकडे तोंड केलं, की खोलीभर मऊ उजेड पडतो, जेवणाची पानं दिसतात, औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचता येतं. सेल बदलता येणारीच बॅटरी घ्यावी. आत कायमचा बसवलेला सेल संपला, की वीज येईपर्यंत ती नुसतं ओझं.

खारं पाणी

‘आयपीएक्स ८’ म्हणजे मीटरभराहून खोल पाण्यातही टिकते, पण ती चाचणी गोड्या पाण्यातली. समुद्रावरून आल्यावर नळाखाली धुवायची, मागचं झाकण उघडून आट्यांवरचे मिठाचे पांढरे कण कापडाने पुसायचे, रबरी रिंगेला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावायचं. एवढं केलं तर ती वर्षानुवर्षं टिकते.

होकायंत्रापासून दूर

बऱ्याच नव्या बॅटऱ्यांच्या बुडाशी लोहचुंबक असतं, गाडीच्या बॉनेटला चिकटवता यावं म्हणून. गॅरेजात सोयीचं, होडीत घातक. होकायंत्राशेजारी ती ठेवली, की सुई सरकते आणि तांडेलाची दिशा चुकते. चुंबकाच्या बाबतीत अलिबाग मुळातच हळवं गाव आहे! मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून ते काम १९०४ मध्ये इथे हलवलं. समुद्रकाठची ती चुंबकीय वेधशाळा आजही पृथ्वीचं चुंबकत्व मोजते आहे. होडीसाठी बॅटरी घ्यायची असेल, तर दुकानातच एक टाचणी तिच्या बुडाला लावून बघा. चिकटली, तर दुसरी मागा.