यंत्र शिकते, पण नेमके काय?

'संगणकाने तसे ठरवले' हे वाक्य आता आपल्या कानांना सवयीचे होऊ लागले आहे. कर्ज कोणाला द्यावे, नोकरीसाठी कोणाला बोलवावे, कोणत्या रुग्णाकडे आधी लक्ष द्यावे, अशा अनेक बाबतींत संगणकाचा सल्ला घेतला जातो. ज्या शास्त्राच्या आधारे हे घडते त्याला मशीन लर्निंग, म्हणजेच यंत्रशिक्षण म्हणतात. जुन्या नोंदी संगणकाला पुरवायच्या, त्यांतील संगती त्याने शोधायची आणि तिच्या आधारे नव्या माणसाविषयी अंदाज बांधायचा, अशी ही पद्धत आहे. परंतु यंत्र नेमके काय शिकते? अमेरिकेतील दोन उदाहरणे या संदर्भात उद्‌बोधक आहेत.

पहिले उदाहरण १९९०च्या दशकातील आहे. न्यूमोनियाच्या कोणत्या रुग्णाला इस्पितळात दाखल करावे व कोणावर घरी उपचार करावेत, हे ठरवण्यासाठी रिच कारुआना व इतर संशोधक यंत्रशिक्षणाचा वापर करून पाहत होते. तेव्हा नोंदींतून एक विचित्र नियम पुढे आला: ज्यांना दमा आहे, त्यांना न्यूमोनियाने मृत्यू येण्याची शक्यता कमी! नोंदी खोट्या नव्हत्या. दम्याच्या रुग्णांना थेट अतिदक्षता विभागात नेले जाई, म्हणूनच त्यांचे प्राण वाचत. यंत्राने मात्र त्या शुश्रूषेचे श्रेय दम्याला दिले. तो नियम पाळला असता, तर ज्यांना सर्वाधिक काळजीची गरज, त्यांनाच घरी पाठवले गेले असते. संशोधकांनी आपली सर्वांत अचूक ठरलेली प्रणाली रुग्णांसाठी वापरली नाही. कारण तिच्या पोटात असे आणखी किती नियम दडले आहेत, हे पाहण्याची सोय नव्हती.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. झियाद ओबरमायर, सेंधिल मुल्लईनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध ऑक्टोबर २०१९मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दीर्घकालीन आजार असलेल्या कोणत्या रुग्णांना विशेष देखरेखीची गरज आहे, हे सुचवणारी एक संगणक प्रणाली त्यांनी तपासली. अशा प्रकारच्या प्रणाली अमेरिकेत दरवर्षी सुमारे २० कोटी लोकांसाठी वापरल्या जात होत्या. या प्रणालीला रुग्णाचा वंश सांगितलेलाच नव्हता. तरीही समान गुण मिळालेल्या रुग्णांत कृष्णवर्णीय रुग्ण गोऱ्या रुग्णांहून अधिक आजारी असल्याचे आढळले.

असे का व्हावे? 'आजार' थेट मोजणे कठीण, म्हणून प्रणालीला 'पुढील खर्चाचा' अंदाज बांधायला शिकवले होते. अधिक खर्च म्हणजे अधिक आजारी, हे गृहीतक वरवर रास्त वाटते. परंतु आजार तितकेच असतानाही कृष्णवर्णीय रुग्णांवर वर्षाकाठी सुमारे १,८०० डॉलर कमी खर्च होत होता. दारिद्र्य, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यातील अडचणी व डॉक्टरांविषयीचा अविश्वास यांमुळे त्यांना सेवाच कमी मिळत होती. ज्याच्यावर खर्च झाला नाही तो निरोगी, असा अर्थ यंत्राने लावला. ही तफावत दूर केल्यास विशेष सेवेसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखवून दिले. खर्चासोबत प्रत्यक्ष आरोग्याचाही विचार करायला लावताच हा पक्षपात ८४ टक्क्यांनी घटला. यंत्र तेच होते. त्याला विचारलेला प्रश्न तेवढा बदलला.

पैशाअभावी दवाखान्याची पायरी न चढणारी, दुखणे अंगावर काढणारी माणसे आपल्याही परिचयाची आहेत. त्यांच्या औषधांच्या पावत्या सापडत नाहीत, म्हणून ती धडधाकट आहेत असे आपण म्हणत नाही. हा विवेक यंत्रापाशी उपजत नसतो. म्हणून यापुढे 'संगणकाने ठरवले' असे कोणी सांगितले, तर आपण नम्रपणे विचारावे: त्याने काय मोजले? आणि ज्यांची नोंदच झाली नाही, त्यांचे काय?